लंगडण्याची सोय

गेल्या वर्षभरात तीन वेगवेगळ्या व्यासपीठांवरून मी एकच मांडणी ऐकली. शब्द थोडे इकडेतिकडे, पण गाभा तोच: मधुमेहाचे रुग्ण पायाची हेळसांड करतात, म्हणून बरी झालेली जखम पुन्हा उघडते; माणूस ऐकत नाही, तर आता कृत्रिम बुद्धिमत्ता त्याच्या पायावर नजर ठेवेल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. दुसऱ्यांदा काहीतरी खटकलं. तिसऱ्या सभेत मी हात वर करून विचारलं, की यंत्राने इशारा दिला तर तो जाणार कुणाकडे? उत्तर आलं, "रुग्णाच्याच मोबाइलवर. पुढचं त्याच्या हातात."

"पुढचं त्याच्या हातात" या तीन शब्दांना हा लेख उत्तर आहे.

यंत्राशी माझं भांडण नाही. मला ते हवं आहे, आणि का हवं आहे तेही सांगणार आहे. भांडण आहे ते 'हेळसांड' या शब्दाशी. रोग कशाने झाला हेच चुकीचं धरलं, तर त्यावर बेतलेलं यंत्र चुकीच्या ठिकाणी बसतं. आणि या बाबतीत चुकीचं ठिकाण म्हणजे आधीच पाय दुखावलेल्या माणसाचं मन.

मी बधिर पायांसाठी चपला करते. ज्यांच्याकडे शिकले ते उस्ताद आयुष्यभर कुष्ठरुग्णांच्या चपला करत आले. एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, हे त्यांचं सगळं भांडवल. सरकारच्या कुष्ठरोग कार्यक्रमात मोफत मिळते ती चप्पल याच रबराची. त्यांच्या काळी दुकानाच्या बाकावर दहात नऊ पाय कुष्ठाचे असत. माझ्या बाकावर आज दहात नऊ पाय शुगरचे असतात. जखम वेगळ्या रोगाची, पण चवड्याखाली तेच भोक, कडेला तोच पिवळट घट्टा, आणि माणसाच्या तोंडी तेच वाक्य: "दुखत नव्हतं हो, मग कळणार कसं?"

जखम भरली की रुग्ण माझ्याकडे येतो. पायाचा ठसा घ्यायचा, जिथे भार येतो तिथे रबर खोलगट करायचं, पट्टे सैल ठेवायचे. काही महिन्यांनी त्यातले बरेच जण परत येतात. जखम पुन्हा तिथेच, कधी बोटभर बाजूला. केसपेपरवर लिहिलेलं असतं की पेशंट सूचना पाळत नाही.

एका मावशींचे असे कागद माझ्याकडे आले होते. भाजीबाजारात गाळा, वय पंचावन्नच्या आसपास, उजव्या अंगठ्यामागे चवड्याखाली झालेली जखम पाच महिन्यांनी भरलेली. माझी चप्पल घेऊन गेल्या त्याला चार महिने झाले होते आणि जखम पुन्हा उघडली होती. मी म्हटलं, चप्पल दाखवा. त्यांनी पिशवीतून काढली, तीही वर्तमानपत्रात गुंडाळलेली. उलटी करून पाहिली तर तळाच्या रेघा जशाच्या तशा. आत बोटांचा ठसा उमटलेला नाही. आदल्या आठवड्यात करून दिल्यासारखी कोरी. "घालत नाही का?" तर म्हणाल्या, "ताई, लग्नाकार्याला घालते की. गाळ्यावर चिखल असतो, इतकी चांगली वस्तू खराब नाही का होणार?" आणि घरात? "घरात कोण चपला घालतं? देव आहेत, स्वयंपाक आहे."

ही हेळसांड आहे का? त्यांनी ती चप्पल जिवापाड जपली होती. माझ्या हातून झालेली चूक ही, की चिखलात घालता येईल आणि स्वयंपाकघरात चालेल अशी चप्पल मी त्यांना दिलीच नव्हती. तेव्हापासून मी दोन जोड देते. घरातल्या जोडाला कातड्याचा एक तुकडाही लावत नाही. नुसतं रबर आणि वर धुता येईल असं कापड, म्हणजे देवघराच्या उंबऱ्याशी ती अडत नाही.

आता कुणी म्हणेल, ही आपल्याकडची अनवाणी राहण्याची सवय, मागासलेपण. तसं म्हणणाऱ्यांनी नेदरलँड्समधला २०१३ सालचा अभ्यास पाहावा. पायाची जखम नुकतीच भरलेले १०७ रुग्ण, प्रत्येकाला मापाचे खास बूट दिलेले, आणि बूट पायात आहेत की नाही हे नोंदणारं छोटं उपकरण बुटातच बसवलेलं. बाहेर पडल्यावर ८७ टक्के पावलं त्या बुटात पडली. घरात फक्त ६१ टक्के. आणि दिवसभरातली जास्त पावलं पडत होती घरातच. तिथे घरात देवघराचा उंबरा नाही, शिक्षण आहे, विमा आहे, घराजवळ पायांचा तज्ज्ञ आहे. तरीही माणूस घरी आला की बूट काढतो, कारण ते त्याचं घर आहे. त्याआधी २००३ साली अमेरिकेत पाहिलं गेलं, की उघडी जखम असलेल्या रुग्णांना भार कमी करणारा काढता-घालता येणारा बूट दिला, तर दिवसभराच्या हालचालीतली जेमतेम २८ टक्के हालचाल त्या बुटात होते. उघडी जखम असताना!

त्यावर डॉक्टरांनी काय केलं? दोनच वर्षांनी त्याच बुटावरून चिकटणारी पट्टी गुंडाळून तो सहज न काढता येण्याजोगा केला. बारा आठवड्यांत काढता येणाऱ्या बुटातल्या ५१.९ टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या, गुंडाळलेल्या बुटातल्या ८२.६ टक्के रुग्णांच्या. बूट तोच होता, आणि माणसंही सारख्याच प्रकारची होती. कुणाची शिस्त एका रात्रीत सुधारली नव्हती. फरक पडला तो एका पट्टीने.

जखम पुन्हा होण्याचं प्रमाणही हेच सांगतं. डेव्हिड आर्मस्ट्राँग, अँड्र्यू बोल्टन आणि सिको बुस यांनी २०१७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये जगभरातले अभ्यास एकत्र मांडले. भरलेली जखम वर्षाच्या आत सुमारे ४० टक्के रुग्णांत पुन्हा होते, पाच वर्षांत ६५ टक्के रुग्णांत. जगभरातून गोळा केलेल्या अभ्यासांत शंभरातल्या चाळीसांना वर्षाच्या आत जे होतं, ते चाळीस जणांच्या आळसाने होत नाही. ते पायाच्या रचनेने होतं. जखमेवर कातडी आली तरी मज्जातंतू परत येत नाहीत. बोटं आखडलेली राहतात, चवड्याखालचं हाड खाली टेकतं, त्यावर घट्टा चढतो, आणि घट्टा म्हणजे पायात अडकलेला खडाच. म्हणून ते लेखक म्हणतात की 'बरा झाला' असं म्हणू नका. कर्करोगात म्हणतात तसं 'रोग सध्या शांत आहे' असं म्हणा. केसपेपरवर एवढा एक शब्द बदलला तरी रुग्णाकडे बघण्याची नजर बदलेल.

आता मुद्द्याच्या मुळाशी येते. तुमचा-माझा पाय वर्षानुवर्षं शाबूत राहतो तो आपण काळजी घेतो म्हणून नव्हे. नवी चप्पल चावली की दुपारपर्यंत आपण लंगडायला लागतो. कुणी सांगत नाही, आपण ठरवत नाही. पाय आपोआप भार कडेला घेतो, टाच उचलतो, जिना चढताना कठडा धरतो. संध्याकाळी घरी येऊन आपण पाय वर घेऊन बसतो. दुखणं नुसता निरोप देत नाही. ते माणसाला जागच्या जागी वाकवतं. बधिर पायाचं हरवलेलं असतं ते हे लंगडणं.

हे सर्वांत आधी नीट ओळखलं पॉल ब्रँड यांनी. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेला हा इंग्रज शल्यचिकित्सक १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला आणि पुढे तिथे कुष्ठरुग्णांवर काम करू लागला. कुष्ठामुळे बोटं 'झडतात' ही समजूत त्यांनी मोडून काढली. बोटं जातात ती संवेदना गेल्यामुळे झालेल्या दुखापतींनी, हे त्यांनी रुग्णांच्या रोजच्या आयुष्यात डोकावून दाखवलं. रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडतात आणि रुग्णाला जागही येत नाही, हे कळल्यावर त्यांनी रुग्णांना मांजरं पाळायला दिली. हा प्रसंग मी नेहमी सांगते. त्यांनी रुग्णाला दोष दिला नाही, "जागे राहा" असा उपदेशही केला नाही, मांजर दिलं. शुगरने बधिर झालेले, जमिनीवर झोपणारे आणि उंदराने कुरतडलेले पाय आजही आपल्या रुग्णालयांत येतात.

पुढे अमेरिकेत, लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात, ब्रँड यांनी एक धाडसी प्रयोग केला. वेदना गेली आहे ना, मग आपण कृत्रिम वेदना तयार करू. हातमोज्यात आणि पायमोज्यात दाब मोजणारे संवेदक बसवले. दाब धोक्याच्या पातळीवर गेला की रुग्णाच्या कानात आवाज होई. आजच्या भाषेत हाच तो इशारा. रुग्णांना आवाज नीट ऐकू येई, त्याचा अर्थही कळे. पण हातातलं काम अर्धवट असलं की ते आवाजाकडे कानाडोळा करत, नाहीतर यंत्र बंद करून काम उरकत. मग आवाजाच्या जागी विजेचा झटका आणला, तर तोही बंद करून ठेवला जाई. ब्रँड या निष्कर्षाला आले, की जी वेदना बंद करता येते ती माणसाला वाचवत नाही.

ज्या गोष्टीवर आज सभांमध्ये टाळ्या पडतात, ती इतक्या वर्षांपूर्वी करून झाली आहे आणि तिथे काय अडलं तेही लिहून ठेवलेलं आहे. संवेदक चांगले झाले, गणित चांगलं झालं. अडलेली जागा मात्र तीच आहे, आणि "पुढचं त्याच्या हातात" म्हणणारे वक्ते नेमके तिथेच थांबतात.

नव्या यंत्रांमागचं तत्त्व साधं आणि खरं आहे. एकाच जागी पुन्हापुन्हा भार पडला की आतला भाग सुजतो, आणि कातडी फुटण्याच्या कितीतरी आधी ती जागा तापते. मी हाताच्या पालथ्या बाजूने तळवा चाचपते ते यासाठीच. दोन्ही पायांच्या त्याच जागेत २.२ अंश सेल्सिअसहून अधिक फरक दिसला की सावध व्हायचं, असा दंडक आहे. २००७ साली लॉरेन्स लॅव्हरी आणि सहकाऱ्यांनी १७३ रुग्णांवर केलेल्या चाचणीत रोज तळव्याचं तापमान घेणाऱ्या गटात ८.५ टक्के लोकांना जखम झाली, इतर दोन गटांत तीस टक्क्यांच्या आसपास. आणि २०१७ साली अमेरिकेत १२९ जणांवर तपासलेली एक चटई आहे. रोज थोडा वेळ तिच्यावर उभं राहायचं, ती दोन्ही तळव्यांचा उष्णतेचा नकाशा पाठवते. झालेल्या जखमांपैकी ९७ टक्के जखमा तिने आधी ओळखल्या, त्याही सरासरी ३७ दिवस आधी.

सदतीस दिवस! मला वाटतं, या विषयातला हा सर्वांत आशेचा आकडा आहे. माझ्या बाकावर बसलेल्या कितीतरी पायांना आयुष्याने सदतीस तासही दिले नव्हते.

पण मग नेदरलँड्समध्ये ३०४ रुग्णांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काय दिसलं? घरी तापमान मोजणाऱ्यांच्या आणि न मोजणाऱ्यांच्या जखमांत ठाम म्हणता येईल असा फरक पडला नाही. फायदा दिसला तो तापलेली जागा सापडल्यावर ज्यांनी खरोखर चालणं कमी केलं त्यांना. ज्यांना इशारा मिळाला आणि थांबताही आलं, ते वाचले. ज्यांना नुसता इशारा मिळाला, त्यांचं तापमान मोजून झालं, एवढंच. सभेतल्या वक्त्यांनी चटईचे आकडे पडद्यावर दाखवले. ही चाचणी दाखवली नाही. ती दाखवली असती तर पुढचा प्रश्न टाळता आला नसता: थांबणार कोण, आणि थांबण्याचे पैसे कोण देणार?

चटईच्या त्या ९७ टक्क्यांना आणखी एक आकडा चिकटलेला आहे. २.२ अंशांच्या दंडकावर चुकीच्या इशाऱ्यांचं प्रमाण ५७ टक्के होतं. दंडक ३.२ अंशांवर नेला तर ते ३२ टक्क्यांवर येतं, पण मग शंभरातल्या ७० जखमाच आधी पकडल्या जातात. दंडक कुठे ठेवायचा हे तांत्रिक माणसांना गणित वाटतं. माझ्या दृष्टीने तो मजुरीचा प्रश्न आहे. पगारी रजेवर असलेल्या माणसाला खोटा इशारा म्हणजे घरी काढलेला एक दिवस. रोजंदारीवरच्या बाईला खोटा इशारा म्हणजे बुडालेला एक दिवस, आणि असे तीन दिवस बुडाले की चौथ्या खऱ्या इशाऱ्यावर ती विश्वास ठेवणार नाही. तिने का ठेवावा?

कृत्रिम बुद्धिमत्तेचं खरं काम मला इथे दिसतं. सगळ्या जगाला एक दंडक लावण्याऐवजी याच पायाचा महिनाभराचा चढउतार शिकायचा. ही बाई बाजाराच्या दिवशी दुप्पट उभी राहते, हा गृहस्थ मे महिन्यात अनवाणी मंदिराला प्रदक्षिणा घालतो, हे धरून खरा धोका वेगळा काढायचा. आमच्याकडे लोक मांडी घालून बसतात. मांडीखालचा पाय हाताला हटकून उबदार लागतो, म्हणून मी तळवा चाचपण्याआधी पाय खाली सोडून थोडा वेळ बसवते. खुर्चीवर बसणाऱ्यांच्या पायांवर शिकलेल्या यंत्राला हे कुणी शिकवणार आहे का? ज्यांचा एक पाय आधीच काढलेला आहे, त्यांचा उरलेला पाय तुलना कुणाशी करणार? जखमेचा धोका तर त्यांनाच सर्वांत जास्त.

इतक्या टाळ्या घेणाऱ्या अचूकतेविषयीही एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. तळव्याच्या उष्णताचित्रांवर नव्वदच्या वर टक्के अचूकता सांगणारे अनेक प्रबंध मेक्सिकोत तयार झालेल्या एकाच चित्रसंग्रहावर उभे आहेत. त्यात मधुमेह असलेले १२२ आणि नसलेले ४५ लोक. यंत्र त्यात काय ओळखतं? या माणसाला मधुमेह आहे की नाही. तो तर रक्ताच्या तपासणीत कळतो. इंग्लंडमधून आलेल्या फोटोंच्या संग्रहांवर शिकलेली यंत्रं जखम ओळखतात, जंतुसंसर्ग ओळखतात. ते मोलाचं काम आहे, पण तोवर जखम झालेली असते. प्रतिबंधासाठी तोच पाय महिनोन्‌महिने पाहावा लागतो, फुटेपर्यंत किंवा न फुटेपर्यंत. असा कष्टाचा संग्रह गव्हाळ-सावळ्या, भेगाळलेल्या, चपलेतल्या पायांचा हवा. आमच्या पायांवर लाली दिसत नाही. तांबूस छटा शोधायला शिकलेला डोळा इथे आंधळा ठरेल.

दुसऱ्या बाजूचे लोकही मला भेटतात. ते म्हणतात, गरिबाला एआय कशाला, चप्पल द्या. मी चपला करणारी, मला हे ऐकून बरं वाटायला हवं. पण तेही बरोबर नाही. एमसीआर काही महिन्यांत दबतं आणि चप्पल वरून नवी दिसते. दबलेली चप्पल सांगत नाही की आता माझ्यात दम उरलेला नाही. आणि हात कितीसे आहेत? ज्याला एकदा जखम होऊन गेली त्याचा पाय दर एक ते तीन महिन्यांनी तपासावा, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. गोव्यात तर प्रौढांमध्ये २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. पायांचा प्रशिक्षित तज्ज्ञ तालुक्याच्या गावी शोधून सापडत नाही. कुठल्या पायाकडे आज धावायचं हे सांगणारं यंत्र असेल तर मी ते उद्या माझ्या दारात ठेवीन.

लंगडणं यंत्राला शिकवता येतं, याचा पुरावाही आहे. मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५८ रुग्णांच्या बुटांत दाब मोजणारे तळ घातले आणि सुमारे अर्ध्यांच्या मनगटावरचं घड्याळ वाजतं ठेवलं: अमुक जागेवर फार वेळ भार आहे, हलवा. घड्याळ वाजलं की माणूस बसायचा, भार बदलायचा, चार पावलं टाकायचा. दीड वर्षात त्या गटात जखमांचं प्रमाण ७१ टक्क्यांनी कमी होतं. अभ्यास लहान आहे, जखमा मोजक्याच आहेत, पण तो का चालला ते पाहा. इशारा त्याच क्षणी आला आणि उपाय हाताशी होता. सदतीस दिवस आधी आलेल्या इशाऱ्याचा उपाय मात्र हाताशी नसतो. तो तीन आठवड्यांची विश्रांती मागतो, भार घेणारा वेगळा जोड मागतो, घट्टा तासून देणारा जाणता हात मागतो. हे सगळं कुठल्या तरी यंत्रणेने आधीच मांडून ठेवलेलं असेल तरच तो इशारा इशारा आहे. नसेल, तर ती रुग्णाच्या विरुद्ध केलेली नोंद आहे.

ही माझी सर्वांत मोठी भीती आहे, आणि म्हणूनच मी 'हेळसांड' या शब्दाला इतकी झोंबते आहे. आज केसपेपरवर "सूचना पाळत नाही" असं हाताने लिहिलेलं असतं. उद्या तिथे तारीख-वेळेसह छापून येईल: अमुक दिवशी इशारा पाठवला, रुग्णाने उघडला, चालणं कमी केलं नाही. पाय काढायची वेळ आली की तो कागद पुढे केला जाईल. रुग्णाने काळजी घेतली नाही हे आता यंत्रही म्हणतंय, असं घरचेही म्हणतील. बधिर पायाच्या माणसाला आपण दुखणं परत देणार म्हणालो होतो, आणि दिला काय, तर ठपका.

माझी मागणी अवघड नाही. इशारा रुग्णाच्या मोबाइलवर जाण्याआधी एका जबाबदार माणसाकडे जावा, आणि त्या माणसाने दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत तो पाय पाहावा. इशाऱ्याबरोबर भार घेणारा जोड आणि घट्टा तासणं मोफत मिळावं. महात्मा फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात भरती झाल्यावर धावून येते. पाय भरतीपर्यंत जाऊ नये म्हणून धावणारं काही असावं. थांबायला सांगितलेल्या दिवसांची मजुरी द्यावी. पाय काढण्याच्या शस्त्रक्रियेचा, रुग्णालयातल्या दिवसांचा, नंतरच्या कृत्रिम पायाचा आणि घरात बसलेल्या कमावत्या माणसाचा खर्च मांडून पाहिला तर हे पैसे कुणालाही जड वाटणार नाहीत. आणि इशाऱ्यांच्या नोंदी उपचारासाठीच वापराव्यात, रुग्णाला दोषी ठरवायला कधीही नाही, असं करारात लिहून घ्यावं. यातल्या कशालाही नवा शोध लागत नाही. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो अर्ज भरतात, त्यात तळव्यावर वारंवार जखम होते का, मुंग्या येतात का, हे प्रश्न आजही आहेत. ते कुष्ठासाठी विचारले जातात. तेच उत्तर शुगरच्या कागदाशेजारी ठेवायला काय हरकत आहे?

मावशींचं पुढे काय झालं ते सांगते, कारण हेळसांडीच्या आरोपाला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही. दोन जोड मिळाल्यावर जखम भरली. ज्या दिवशी बाजार बंद असतो त्या दिवशी महिन्यातून एकदा त्या माझ्याकडे येतात. एका उन्हाळ्यात चवड्याखाली हात लावला तर जागा गरम लागली. मी सांगितलं, तीन आठवडे उभं राहायचं नाही. "मग गाळा कोण बघणार, ताई?" त्यांच्या भाच्याला सुट्टी होती, तो गाळ्यावर बसला. मी घट्टा तासणाऱ्या बाईंकडे त्यांना पाठवलं, जोडात फेल्टचा तुकडा घातला, त्यांनी सुताराकडून एक उंच स्टूल करून घेतलं. पंधरा दिवसांत जागा निवली.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी तीच जागा पुन्हा गरम. मला कळलं, त्यांनाही कळलं. हात लावून त्यांनी स्वतःच मला सांगितलं होतं, की आज डावीपेक्षा उजवी तापलीय. पण भाचा कामाला लागलेला, सणाचा आठवडा, वर्षाची अर्धी कमाई त्या दिवसांत. त्या स्टुलावर जमेल तेवढ्या बसल्या. विसर्जनानंतर तीन दिवसांनी जखम उघडली. दोघींना सगळं ठाऊक होतं, इशारा वेळेवर होता, अचूक होता. नव्हता तो गाळ्यावर बसायला दुसरा माणूस.

ती जखम दिवाळीनंतर भरली. मावशी अजून येतात. चटई आली तर मी ती शिवणयंत्राशेजारी, भिंतीला लागून ठेवणार आहे, आणि तिच्यावर नंबर माझा घालणार आहे. गाळ्यावर बसणाऱ्या माणसाच्या रोजासाठी मी आमच्या बाजार समितीकडे अर्ज दिला आहे. अजून उत्तर आलेलं नाही.